आजोबांना घातलेली बंदी

रविवारी सकाळी माझी मुलगी निधी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली होती. कॉलेजचा प्रोजेक्ट होता: माओरी आणि स्वीडिश भाषा कुठे बोलतात आणि त्यांचं बघतं कोण.

"पप्पा, ऐक ना. स्वीडिश स्वीडनमध्येही अधिकृत, फिनलंडमध्येही. दोन्हीकडे तिच्यासाठी संस्था. माओरी मात्र न्यूझीलंडपुरती. तिला आयोग मिळाला एकोणीसशे सत्त्याऐंशीत. तोवर वाट लागली होती यार तिची."

"मग आता?" मी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"माओरी लोकांनीच बालवाड्या काढल्या. म्हाताऱ्या माणसांनी पोरांशी दिवसभर माओरीतच बोलायचं. आईबापांनाच धड येत नव्हती ना!"

मी पेपर खाली ठेवला. खिडकीपाशी माझे वडील नारळ खोवत बसले होते. सीताराम, मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली. बोरीवलीच्या या घरात निधीला त्यांनीच सांभाळलं. अडीच वर्षांची असताना ती नुसती मालवणीत बडबडायची. नर्सरीच्या इंटरव्ह्यूला बाई रंग विचारत होत्या आणि ही मालवणीत आजोबांच्या म्हशीची गोष्ट सांगत सुटली. अ‍ॅडमिशन गेली. मी तणतणत घरी आलो आणि बाबांना सांगितलं, "हिच्याशी मालवणी एकदम बंद. बोलायचंच तर शुद्ध बोला."

बाबांनी वाद घातला नाही, हेच वाईट झालं. त्यांनी माझं ऐकलं. सोळा वर्षं ते निधीशी रेडिओवरच्या बातम्यांसारखं जपून बोलत आले. गावच्या गजाली, म्हणजे त्यांच्या गप्पागोष्टी, त्या मराठीत बसेनात, म्हणून गजालीच संपल्या. उरलं फक्त "जेवलीस का?" आणि "अभ्यास झाला का?"

"आपल्या मालवणीला आहे का रे असा आयोग?" निधीने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. खरं तर आमच्या घरात होता. एकाच माणसाचा, आणि त्याने जन्मात एकच नियम केला. मला स्वतःची लाज वाटली.

निधी फोन घेऊन बाबांजवळ जमिनीवर बसली. "आजोबा, मालवणीत बोला ना माझ्याशी. मी रेकॉर्ड करते. ती म्हशीची गोष्ट सांगा."

बाबांचे हात थांबले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. ऐंशीच्या घरातला माणूस पोटच्या पोराकडे परवानगी मागत होता.

"सांगा बाबा," मी म्हणालो. "तेव्हा चुकलं माझं."

"चेडवा..." त्यांनी मालवणीत पोरीला मारतात तशी हाक मारली आणि थांबले. ओठ हलले, पुढचं काही येईना. निधी फोन धरून बसली होती. शेवटी त्यांनी खोबऱ्याचा हात धोतराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"नाही जमत बाळा," ते म्हणाले. "तुझ्याशी बोलायला लागलो, की हीच भाषा तोंडात येते."