दीडशे ग्रॅम

साबण पहिल्यांदा बिघडला तेव्हा मी स्वतःला दोष दिला, दुसऱ्यांदा तेलाला. तिसऱ्यांदा मात्र स्वयंपाकघरात जमिनीवरच फतकल मारून बसले. दिवसभर कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवून आले होते, मान आखडली होती, आणि समोर दुधाच्या रिकाम्या खोक्यात किलोभर तेलाचा लगदा पडला होता. साबण कुठला, सायकलच्या चेनला लावायचं वंगण होतं ते.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी. दीड वर्ष झालं, ते अंथरुणाला खिळलेत. कातडी इतकी पातळ झालीय की दुकानातला कुठलाही साबण लावला तरी पाठ लालबुंद होते, आणि ते दात आवळून गप्प बसतात. नुसत्या पाण्याने पुसून भागत नव्हतं. पाठीला पडलेल्या चिरा चिघळल्या तर इस्पितळात हलवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि इस्पितळाचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. मला त्यांना न दुखवता अंघोळ घालायची होती. चार वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी सगळं नियमाने केलं, तरी ती गेली. निदान एका माणसाचं तरी माझ्या हातून धड व्हावं, एवढंच मागणं होतं.

साबण करायला शिकवलं वरच्या मजल्यावरच्या लॅबमावशींनी. शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना हे नाव पडलं आणि ते त्यांना आवडतंही. अर्धा किलो खोबरेल, अर्धा किलो तिळाचं तेल, तीनशे ग्रॅम पाणी, दीडशे ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाकायचा; पाणी सोड्यात ओतलं तर उसळून तोंडावर येतं. हातमोजे घालायचे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. मग ते तेलात ओतून ढवळत बसायचं, चमच्यातून पडणाऱ्या धारेची रेघ वर टिकेपर्यंत. हाताने ढवळलं तर तासभर सहज जातो. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि महिनाभर सुकवायच्या. स्वयंपाकातला अंदाज इथे चालत नाही, सगळं वजन करून घे, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी हात जोडले.

वजनाची काळजी आमच्या घरात कुणी करू नये. बाबांनी आयुष्यभर बाजारातले तराजू दुरुस्त केले. मापात पाप करणाऱ्याची त्यांनी कधी गय केली नाही. सख्ख्या मेव्हण्याने तोलताना दांडी मारलेली पकडली, तर त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा तराजू आणि लोखंडी वजनं घरात अजून आहेत. आईचं जेवणही मी त्यावरच मोजायची. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं होतं, दर जेवणाला दीडशे ग्रॅम. शंभरचं एक वजन, पन्नासचं एक. ताट संपलं की मी वहीत लिहायची. एक घास कमी पडू दिला नाही. तरी ती वाळतच गेली, आणि कुठे चुकलं हे मला आजवर कळलं नव्हतं.

तिसऱ्या फजितीनंतर मावशींनी फर्मान काढलं की सगळं घेऊन वर ये, वजनांसकट. त्यांच्याकडे छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. किलोचं आणि अर्ध्या किलोचं वजन चोख निघालं. शंभरचं वजन सत्तरच भरलं. पन्नासचं पस्तीस.

मावशींनी शंभरचं वजन उलटं केलं आणि नखाने खरवडलं. असल्या वजनांच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं. या वजनातलं शिसं काढून तिथे मेण भरलं होतं आणि वरून काळा रंग फासला होता. तेल पुरं आणि सोडा कमी, मग साबण कसा होईल, असं काहीतरी मावशी समजावत होत्या. कोडं सुटल्याने त्या खुशीत होत्या. माझं लक्ष नव्हतं. दीडशे म्हणजे खरे एकशे पाच, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात चालला होता.

मी खाली आले आणि ते वजन बाबांच्या चादरीवर ठेवलं. विचारायची गरजच नव्हती, इतकं सफाईचं काम दुसऱ्या कुणाचं असणार? तरी विचारलं. बाबांनी त्या मेणावरून अंगठा फिरवला.

"तिला जात नव्हतं," ते म्हणाले. "आणि तू ताट संपल्याशिवाय उठू द्यायची नाहीस. तू कामावर गेलीस की ती सगळं ओकून टाकायची."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं. तू वही दाखवलीस."

ते खरं होतं. मला ती वही आठवली, आणि माझा आवाजही.

"आईला माहीत होतं हे?"

"शिसं मी काढलं. मेण तिने भरलं," बाबा म्हणाले. "फार हसली त्या दिवशी."

मला रडू आलं नाही, संताप आला. दोघांनी संगनमत करून मला चार वर्षं घोर लावला होता. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाने घरात खोटं माप ठेवलं, तेही माझ्यासाठी. आणि शेवटच्या दिवसांत आई एकदा पोटभर हसली, तेव्हा मी कॉलरी शिवत होते. हेच सगळ्यात जास्त लागलं. चार दिवस मी बाबांशी कामापुरतं बोलले.

पाचव्या दिवशी मावशींच्या काट्यावर सोडा मोजला. कुणावर रुसले असले तरी पाठीच्या चिरा थांबणार नव्हत्या. साबण दुसऱ्या दिवशी घट्ट झाला. वड्या कापून कपाटावर मांडल्या आणि महिना जाऊ दिला. तोवर कोमट पाण्याने पुसणं चालूच होतं. पाठ बरी होत नव्हती, पण चिघळलीही नाही.

महिन्याने एका रविवारी सकाळी बाबांना स्टुलावर बसवलं. मान धुतली, खांदे धुतले. फेस मऊ होता. लागतंय का, म्हणून विचारलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दात आवळलेले नव्हते. मला इतकं हलकं वाटलं की क्षणभर हात थांबला. मग मी पाठीला लागले. अर्ध्यावर आले तेव्हा ते म्हणाले, "बास आता. थकलो."

कंबरेकडची बाजू राहिली होती. डॉक्टरांनी तीच जास्त जपायला सांगितलेली. एवढंच होऊ द्या, दोन मिनिटं, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते.

"बरं," मी म्हटलं. होता तेवढा फेस धुतला, त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि अंथरुणावर नेऊन निजवलं.