खंडेनवमीची हळद आणि चौदा कंडेन्सर

माझ्या तोंडाकडे हजारो माणसांनी टक लावून पाहिलं, पण ती काय पाहतात हे मला आठ वर्षं कळलं नव्हतं. मी बोलतोय तो व्हिडिओ गेमच्या पेटीतला मॉनिटर. टीव्हीचा भाऊबंद म्हणा. फक्त टीव्ही रोज नवं काही दाखवतो आणि मी जन्मभर एकच खेळ.

जन्म माझा समुद्रापलीकडचा. त्या गावाचं नाव मला ठाऊक नाही. आठवतात ती पांढरे हातमोजे घातलेली बोटं आणि नंतर बोटीच्या पोटातला दीड महिन्याचा अंधार. मुंबईहून ट्रकने मी सांगलीला आलो तो १९८८ साली. एसटी स्टँडसमोर कृष्णातचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कृष्णात कुंडलचा, फौजेतून रिटायर झालेला. माझी पेटी त्याने दारातच उभी केली आणि पहिल्या दिवशी मला चक्क सलाम ठोकला.

माझी एक अडचण होती. चित्र उमटायचं माझ्या काचेवर, पण ते मला दिसायचं नाही. तुम्हाला तरी तुमचं कपाळ कुठे दिसतं? मला दिसायचे समोरचे चेहरे. त्यांच्यावरूनच मी अंदाज बांधायचो. डावीकडे जायचं असलं की माणूस दांडी डावीकडे ढकलायचाच, पण स्वतःही कमरेतून डावीकडे कलायचा, जणू त्याच्या वजनाने आतलं काही सरकणार आहे. रजेवर आलेले जवान दातओठ खात. हळद विकायला आलेले नानासो पिशवी गुडघ्यांत धरून खेळायचे, आणि हरले की आधी इकडेतिकडे बघायचे, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. एवढी मोठी माणसं अशी घामाघूम होतात, म्हणजे माझ्या तोंडावर काहीतरी प्रचंड घडत असणार, असं मला वाटे.

आजार कळला तोही चेहऱ्यांवरूनच. आठव्या वर्षी लोक माझ्यासमोर मान तिरकी करून उभे राहायला लागले. डोळे बारीक करायला लागले.

"आरं कृष्णात, तुज्या खेळातलं इमान नागिणीगत वळवळाय लागलंय की!" नानासो म्हणाले.

"थांबा, आवं. जरा थाप मारली की हुतंय नीट," म्हणत कृष्णातने पेटीच्या बाजूला हाणली. माणसांची ही सवय मला कधी उमगली नाही. बिघडलेल्या वस्तूला पहिलं औषध म्हणजे थाप! पण खरंच, थापेसरशी मी दोन मिनिटं सरळ व्हायचो. नंतर चित्र पुन्हा हलायचं, दोन्ही कडांनी आत आक्रसायचं. तीन मेकॅनिक येऊन गेले. तिघांनी मागचं झाकण उघडलं, आत डोकावलं आणि बंद केलं. "याच्या जोडण्यांचा नकाशा मिळत नाही," एवढंच तिघांचं निदान.

चौथा चिंतामण. गावभागात घराच्या पुढच्या खोलीत तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. कुणाच्या हाताखाली शिकलेला नव्हता. जुनी यंत्रं उघडून, बघून, लिहून शिकलेला. अठरा वर्षांची नोंदवही त्याच्यापाशी होती. कोणतं यंत्र, काय बिघाड, काय केलं, काय चुकलं, सगळं शाईने. पेटीसकट मला त्या खोलीत नेलं, तिथे त्याने मला उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग एका चिमुकल्या डबीवर नख ठेवून म्हणाला, "हे कंडेन्सर आटलेत. होईल काम."

कंडेन्सर म्हणजे विजेचे रांजणच. वीज साठवायची आणि लागेल तशी सारख्या धारेने सोडायची. माझ्यात असे चौदा. आठ वर्षांच्या उष्णतेने त्यांच्यातला ओलावा सुकला होता, म्हणून वीज हिसके खात होती आणि चित्र वळवळत होतं.

"पर चिंतामणराव, माज्यानं आता थांबवत न्हाई," कृष्णात म्हणाला. "दसऱ्याला सकाळी टेंपो घिऊन येतो. चाललं तर दुकानात. न्हाई चाललं तर तसंच म्होरं मिरजंला, भंगारात."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दसऱ्याला चार दिवस होते.

चिंतामणने माझी पट्टी, म्हणजे हे सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती तपकिरी पाटी, बाहेर काढून टेबलावर ठेवली. टेबलाच्या एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला त्याच्या बायकोचं, चारुशीलेचं शिलाई मशीन. कंडेन्सरला एक बाजू अधिक आणि एक वजा. उलटा बसला तर फुटतो, आणि जाताना शेजारच्यांनाही घेऊन जातो. माझ्यातले ते शेजारचे भाग सांगलीतच काय, पुण्यातही मिळणार नव्हते. म्हणून खुणा करणं भाग होतं. त्या तेलकट पट्टीवर शाई धरेना. तेव्हा त्याने देवघरातून हळदकुंकू आणलं, काडीने अधिकच्या बाजूला कुंकवाचा ठिपका लावला आणि वजाच्या बाजूला हळदीचा. लाल वायर अधिकची, म्हणून लाल. मला ते फार आवडलं. इतकं नटवून मला कुणी उघडलं नव्हतं.

मग एकेक कंडेन्सर काढत त्याने वहीतही लिहिलं: 'एक: अधिक खिडकीकडे. दोन: अधिक मशीनकडे.' असे चौदा. नवे आणायला जुने दाखवावे लागतात, म्हणून सगळे डबीत घालून तो पेठेत गेला. तो दिवस खंडेनवमीचा होता.

चारुशीला न्हाऊन आली. तिने शिलाई मशीनची पूजा केली, कात्रीची केली, नवऱ्याच्या पक्कडीची केली. मग माझ्या पट्टीपाशी थांबली, वाकून पाहिलं, 'चक्' केलं, आणि तबकातून बोटाने भरपूर हळदकुंकू घेऊन चौदाच्या चौदा जागा नीट पुजल्या. वर एक झेंडूचं फूल ठेवलं.

चिंतामण परत आला आणि दारातच थबकला.

"चारू, हे काय केलंस?"

"काय म्हणजे? खंडेनवमी नाही का आज? तुम्ही घाईघाईत नुसते ठिपके लावून गेलात. मी नीट लावलं."

"अगं, त्या खुणा होत्या! कुंकू अधिकला, हळद वजाला."

तिचा हात तोंडाशी गेला. चिंतामण खुर्चीवर बसला. मग एकदम हसला. "असू दे. वही आहे ना." त्याने स्पिरिटचा बोळा घेतला आणि सगळी पट्टी लख्ख पुसून काढली. कुंकू गेलं, हळद गेली, माझ्या अंगावर एक खूण राहिली नाही.

त्याने वही उघडली. पहिला, सगळ्यात मोठा कंडेन्सर उचलला. "एक: अधिक खिडकीकडे." टोकं भोकांवर टेकवली.

ते उलटं होतं. माझ्या शरीरातला एकेक तुकडा मला ठाऊक. पण मी काय करणार? मला थाप खाता येते, मारता येत नाही.

"अहो," चारुशीला म्हणाली, "कुंकवाची बाजू खिडकीकडे कशी?"

"वहीत तसंच लिहिलंय."

"कुंकू मशीनकडे होतं. या मोठ्याचं तरी नक्की."

"तुला काय आठवतंय त्यातलं!"

"आठवतंय, कारण मी मशीनच्या बाजूने उभी होते. आधी हळद लावतात, मग कुंकू. इथे पहिलं हाताशी आलं ते कुंकू. म्हटलं, यांना एवढंही कळत नाही."

"अठरा वर्षांत वही चुकलेली नाही."

"वहीला कशाला बोल लावू? एक सांगा. तुम्ही लिहिलंत तेव्हा ही पट्टी उताणी होती की पालथी?"

चिंतामणने पट्टीची कड उचलून खाली पाहिलं. कंडेन्सर काढायचा तर सोल्डर, म्हणजे त्याला धरून ठेवणारं कथील, वितळवावं लागतं, आणि ते असतं पट्टीच्या पोटाला.

"पालथी," तो हळूच म्हणाला.

"मग झालं तर. कापड पालथं टाकून आखलं की उजवी बाही डावीला जाते. पोरीबाळींना हेच शिकवते मी पहिल्या दिवशी."

तरी त्याने खात्री केली. मोठ्या कंडेन्सरची वजा बाजू माझ्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते; बाकीच्यांचं तसं सांगता येत नाही. त्याने मीटरचं एक टोक सांगाड्याकडे जाणाऱ्या वायरीला लावलं, दुसरं खिडकीकडच्या भोकात. काटा झपकन पलीकडे गेला. वजा खिडकीकडे होती. कुंकू मशीनकडेच होतं.

त्याने चौदा ओळींपुढे 'उलट वाचणे' असं लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ: 'पट्टी पालथी असताना नोंद केली. चूक चारुशीलेने पकडली.' मग कंडेन्सर बसवायला घेतले. शेजारी ती गणवेशाला काजं करत बसली, मधूनमधून "आता उताणी आहे ना?" असं विचारत.

दसऱ्याच्या सकाळी टेंपोचा हॉर्न वाजला. कृष्णात आत आला, आणि त्याने टोपी काढून हातात धरली. चिंतामणला माझ्या पाठीमागचे स्क्रू फिरवत चित्र जुळवायचं होतं. पुढचं त्याला दिसणार कसं? म्हणून त्याने कपाटाचा मोठा आरसा माझ्यासमोर उभा केला आणि बटण दाबलं.

आणि मी मला पाहिलं.

काळंभोर आकाश. पांढऱ्या चांदण्या. आणि तळाशी एक निळं विमान, नखाएवढं. एवढंच! आठ वर्षं माणसं ज्याच्यासाठी कमरेतून वाकली, दातओठ खाल्ले, ते हे? मला हसू आलं आणि त्याच वेळी त्या माणसांविषयी फार माया वाटली. विमान स्थिर होतं. कडा काठोकाठ भरल्या होत्या.

"लय झ्याक!" कृष्णात म्हणाला. मग आरशाजवळ जाऊन त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "पर चिंतामणराव, अक्षरं उलटी आली की हो!"

चारुशीला खळखळून हसली. "आरशात बघताय, कृष्णातराव. तुम्हीही पालथंच वाचता का?"

टेंपो मिरजेला गेला नाही. कृष्णातने मला पुन्हा दारात उभं केलं आणि पुन्हा सलाम ठोकला.

त्याला आता तीन वर्षं झाली. शेजारी नवी, मोठी पेटी आली आहे आणि तिच्यापुढे गर्दी असते. माझ्यापुढे नानासो येतात, रजेवरचा एखादा जवान येतो. माझ्या पट्टीच्या कोपऱ्यात, जिथे बोळा पोचला नाही तिथे, हळदीचा एक कण अजून आहे. दर खंडेनवमीला चारुशीला येऊन पूजा करून जाते, मात्र पेटीच्या बाहेरूनच.

आरसा त्यानंतर माझ्यासमोर कुणी धरला नाही. तेव्हा सांगलीला आलात, एसटीला वेळ असला, तर स्टँडसमोर या. एक डाव खेळा. हरलात तरी इकडेतिकडे पाहू नका, थोडा वेळ माझ्याकडेच बघा. मान सरळ असली, डोळे मोठे असले, की मला कळतं, विमान जागेवर आहे.