फळीमागचा आवाज

लष्करी इस्पितळाच्या आवारात जुन्या वैद्यकीय सामानाचं संग्रहालय उघडणार होतं. तिथे ठेवलेली रुग्णवाहिका लढाईत ज्या बाईंनी चालवली, त्यांनाच फीत कापायला बोलावलं होतं. आमंत्रण आल्यापासून बाई घरात कुणाशी धड बोलत नव्हत्या.

"आई, अहो मान मिळतोय तुम्हाला," सून म्हणाली. "आणि तुम्ही चेहरा असा केलाय, जसं पोलिसांचं बोलावणं आलंय."

"मान कसला? डोक्याला ताप नुसता!" बाई म्हणाल्या. पण गेल्या.

गाडी रंगवून चकचकीत केली होती. बाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि काचेतून आत पाहिलं. चालकाची जागा आणि मागचा भाग यांच्यामध्ये लाकडी फळी होती. तेव्हा फळीमागे चार जखमी आणि एक सिस्टर, पुढे बाई एकट्या. मागचं दिसायचं नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

शेवटच्या खेपेला मागून एकजण सारखा पाणी मागत होता. "घोटभर द्या हो, घोटभर." बाई पुढून ओरडून त्याला धीर देत होत्या, "आलंच बघ इस्पितळ!" तेवढ्यात रस्त्यातल्या फुटक्या मोरीवर चाक आदळलं, गाडी उडाली, आणि तो आवाज बंद झाला. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर उतरवले तेव्हा एकाच्या तोंडावर चादर होती. बाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं. सिस्टरची लगेच दुसऱ्या तळावर बदली झाली, मग विचारणार कुणाला? लढाई संपली तशी बाईंनी नोकरी सोडली. स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही.

"पायलट!"

या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. बाई वळल्या. काठी टेकत सिस्टर येत होती, केस पांढरेशुभ्र, आवाज मात्र तसाच खणखणीत. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. बाईंना राहवलं नाही.

"तो पाणी मागणारा... माझ्यामुळे गेला ना गं? त्या मोरीवर?"

सिस्टर म्हणाली, "तो कुठे गेला? चांगला ढेरपोट्या झालाय! नातवंडांचे फोटो पाठवतो मला."

"मग गप्प का झाला?"

"पोटात गोळी होती, पाणी कसं देणार? सुई टोचली, झोपला. गेला तो दुसराच. मोरीच्या कितीतरी आधी, गाडी निघाल्यावर थोड्या वेळातच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझे हात थरथरले असते. बाकीचे तिघे तुझ्याच हातात होते."

बाई भडकल्या. "इतकी वर्षं मी स्वतःला खात बसले!" म्हणत त्यांनी सिस्टरच्या दंडावर चांगला फटका मारला, आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.

जरा शांत झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे त्या दुसऱ्यासाठी मी कधी रडलेच नाही. कसा होता गं?"

"कान मोठे होते. हूं की चूं केलं नाही त्याने. माझा हात तेवढा सोडत नव्हता."

"कुठे होता?"

सिस्टरने मागचं दार उघडलं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण बाई मागे कधी बसल्या नव्हत्या. गुडघे कुरकुरले, तरी चढल्या. डावीकडच्या खालच्या स्ट्रेचरवर सिस्टरने बोट ठेवलं. बाई तिथेच खाली बसल्या आणि त्याच्या कॅनव्हासवरून हळूहळू हात फिरवू लागल्या.

बाहेर एक तरुण अधिकारी घड्याळ बघत होता. "मॅडम, पाहुणे खोळंबलेत."

"खोळंबू देत," सिस्टर म्हणाली, आणि काठी बाजूला ठेवून आत येऊन बाईंना खेटून बसली.