पंधराव्या दिवशी वाळणारी वेल

खुशालरावांच्या पानमळ्याच्या कुंपणाला शे-दीडशे माणूस चिकटून उभं होतं. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून माना लांबवत होते. आत शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या पानवेलींतल्या पाच वेलींनी माना टाकल्या होत्या. पानं पिवळी, बुंधे काळे. शेजारच्या वेली मात्र हिरव्यागार.

"पाहा बाप्पा! पंधरा दिवसांआधी बाबानं बोट दाखवलं, थ्याच वाळल्या!"

"तीन मळ्यांत असंच झालं म्हंते."

"चमत्कार हाये गड्या."

त्या सालात अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. अकोटात अडत्यांच्या बैठकींतून दिवसभर विड्यांची तबकं फिरत. पानाला एवढी मागणी पूर्वी कधी नव्हती, आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात पानमळे मरायला लागले होते.

आषाढापासून गावात उतरलेला, मळ्यामळ्यातून दक्षिणा उकळणारा त्रिशूळवाला बाबा मधोमध उभा राहून गर्जत होता. "सप्तपाताळाच्या तळाशी जो शेष, तो या टोकाशी बोलतो! कोणती वेल मरणार ते सांगतो! पंधरा दिवस, ना कमी ना जास्त!"

कोणती वेल मरणार ते शेषाला अचूक कळत होतं. ती वाचवायची कशी, एवढं मात्र त्याने एकदाही सांगितलं नव्हतं.

"पन हे करते कोन, बाबा?" गर्दीतून कोणी विचारलं.

"जिच्या मळ्यात पहिली वेल मेली तिला विचारा. तिच्या हातात विष आहे!"

सगळ्या माना जयवंताकडे वळल्या. नत्थुजीची ही बायको सात महिन्यांच्या शालूला कडेवर घेऊन मागे उभी होती. आषाढात त्यांच्या मळ्यात पाणी साचलं आणि पहिल्या वेली तिथेच गेल्या. मळ्याची राखण तीच करायची. बाबाला एवढं पुरलं. तिची सासू पार्बताबाई तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "हिचा पाय आला अन् मळा गेला."

खुशालराव पानमळेवाल्यांचे मुखी, म्हणजे पुढारी होते. त्यांनी ठरवून टाकलं. "आज राखीची पुनव. पोळ्याच्या अमावास्येला पंच बसतीन. तवापर्यंत अजून वेली गेल्या, तं ही बाई हिवरखेडले माहेरी जाईन. पोरगी इथंच राहीन. विखारी हाताचं दूध लेकराले नाई पाजू देनार आमी."

जयवंताने शालूला घट्ट धरलं. नत्थुजी खाली बघत राहिला.

गर्दीत देवीची लस टोचणारे उत्तमराव होते. अमरावतीहून सरकारी कामावर आलेले. त्यांना पाहून लेकरं पळत, आणि गाव त्यांना टोच्या म्हणे. शालूच्या दंडावरचा फोड आठव्या दिवशी बघायला आले होते, ते आता बाबाकडे बघत उभे राहिले.

बाबाने त्रिशुळाच्या टोकाभोवतीचं ओलं भगवं फडकं सोडलं. एका वेलीच्या बुडाशी त्रिशूळ खुपसला. टोक पुन्हा फडक्यात दाबलं. मग दुसऱ्या वेलीशी खुपसला.

"बाबा," उत्तमराव म्हणाले, "तुमचा अन् माझा धंदा एकच दिसतो."

लोक हसले. "टोच्या, तुह्या सुईले शेष बोलते काय रे?"

"बोलत नाही. मी एका लेकराच्या फोडातलं पाणी सुईच्या टोकावर घेतो अन् दुसऱ्याच्या दंडात टोचतो. आठव्या दिवशी तिथं फोड उठतो. कुठं उठणार ते मीही आधीच सांगू शकतो, कारण टोचलं मीच असतं. पण एकदा सुई दिव्यावर तापली, अन् काहीच उठलं नाही. ते फडकं जरा उलगडा."

"शेषाचं वस्त्र आहे! उलगडणारा आंधळा होईल!"

"राहू द्या. मग पंधरा वेली द्या, खुशालराव."

"माह्याच काहून?"

"तीन मळे गेले. चौथा जाऊन राहिला. मी पंधराच मागतो."

बांधावरच्या उंच वाफ्यात, पाण्याच्या पाटापासून दूर, पंधरा निरोगी वेली निवडल्या. पहिल्या पाच वेलींच्या बुडाशी बाबाने नेहमीसारखा त्रिशूळ खुपसला. मग लोहाराच्या भट्टीत टोक लाल होईपर्यंत तापवलं, निवू दिलं, आणि दुसऱ्या पाचांशी खुपसलं. तिसऱ्या पाचांची माती जयवंताने नुसत्या हातांनी उकरायची आणि रोज राखण करायची.

"आता सांगा, कोणत्या वाळतील?" उत्तमरावांनी विचारलं.

दीडशे माणसांसमोर बाबाला माघार घेता येईना. "शेषाला आग लागत नाही. पंधराही वाळतील! डाकिणीच्या तर आधी!"

"तिसऱ्या ओळीतली एकबी वाळली, तं बाई माहेरी जाईन," खुशालराव म्हणाले.

पहाऱ्याला पार्बताबाई बसली. तिच्यावर सुनेची बाजू घेतल्याचा आळ कोणी घेऊ शकत नव्हतं.

पाऊस थांबत नव्हता. अकराव्या दिवशी तिसऱ्या ओळीत एक पान पिवळं पडलं. "पाहिलं?" पार्बताबाई म्हणाली. जयवंता त्या वेलीपाशीच बसून राहिली. संध्याकाळी ते पान गळालं. खालचं, जुनं पान होतं. वेल तशीच हिरवी राहिली.

पोळ्याच्या दिवशी सगळे जमले. पहिल्या ओळीतल्या चार वेली वाळल्या होत्या, पाचवी मान टाकत होती. दुसरी ओळ हिरवी होती. तिसरीही.

"दैवी कोप..." बाबाने सुरुवात केली. खुशालरावांनी त्याच्या हातातून त्रिशूळ ओढला आणि फडकं उलगडलं. आत काळे बुंधे आणि लिबलिबीत मुळं होती. कुबट वास सुटला.

नत्थुजी वाकला. "हे तं माह्या मळ्यातले बुंधे! ही सुतळीची गाठ माहीच हाये. उपटून बांधावर टाकले होते म्या."

"रोगट मुळं ओली राखली की त्यांतला रोग जिवंत राहतो," उत्तमराव म्हणाले. "टोकाला लागतो, टोक नव्या मुळाशी नेतं. आगीनं तो मरतो. शेष मेला नाही, रोग मेला."

डोळ्यांना न दिसणारा, साचल्या पाण्यात फोफावणारा तो सूक्ष्मजीव त्या काळी तिथे कोणालाच ठाऊक नव्हता. पण तो कशाने पसरतो आणि कशाने थांबतो, हे पंधरा वेलींनी दाखवलं होतं. त्याच दिवसापासून आजारी वेली मुळांसकट उपटून जाळायचं, साचलेलं पाणी काढून द्यायचं, रोगट मळ्यातला पाट निरोगी मळ्यात येऊ द्यायचा नाही, असं ठरलं. पानमळ्यात शिरताना पायताण दाराशी काढायची रीत जुनीच होती. चिखलाचे पाय मात्र कोणी धूत नसे. आता दाराशी पाण्याचा रांजण आला.

बाबाला चावडीवर नेलं. खुशालराव जयवंताकडे वळले.

"चाल माय, घरी. सुटली तू."

ती जागची हलली नाही. "मुखीजी, एक इचारू?"

"इचार."

"तिसऱ्या ओळीतली एखांदी वेल पावसानंच कुजली असती, तं?"

तिने शालूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्या काई केलं नव्हतं. थे पहिल्या दिवशीबी खरंच होतं. तरी माही लेक तुमी पाच वेलींवर पनाले लावली. बाबाले कोनं इचारलं काय, का दाखव इच्या हातात इख कुठी हाये?"

पार्बताबाईने शालूला घ्यायला हात पुढे केले. जयवंताने तिला दिलं नाही.

तिचा प्रश्न रास्त होता. उत्तमरावांची परीक्षा चोख होती, पण ती जयवंताला द्यावी लागली हाच अन्याय होता. वेल वाळली तर मूळ उपटून पाहावं, माती पाहावी, पाणी कुठून येतं ते पाहावं. आणि कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर पुरावा त्या बोटवाल्याकडे मागावा. त्याच्यापाशी तो नसेल, तर तिला काहीही सिद्ध करायला लावू नये.