मागच्या दाराची पायरी

मी पायरी बोलतेय. दगडाची. बघू, माझा एक तरी शब्द खरा मानतोस का. नाही मानलास तरी माझं काय जातंय, बसलायस तू माझ्यावरच.

ही इमारत म्हणजे पूर्वीची शाळा. मी तिच्या मागच्या दाराची. शिकलेसुद्धा थोडं, दार उघडं असायचं तेवढंच. सातच्या पाढ्यापर्यंत आले आणि कुणीतरी दार लोटून घेतलं. माझा उजवा कोपरा जरा वर आलाय. हेडमास्तरांपासून सगळ्यांना मी त्यावर ठेचकाळवलंय. तेवढीच करमणूक.

मग शाळा उठली. बरीच दुकानं गेली, गल्लीतले दिवे गेले, लोक संध्याकाळीच कड्या लावायला लागले. माझ्यावर बसायला एक मांजर उरलं, तेही पाठ करून.

अशात एक दिवस नकाशावाली आली. म्हणाली, इथे वस्तीसाठी केंद्र करू. पोरगी गुणी, पण तिने सगळ्यांना आत खुर्च्यांवर बसवलं आणि हातात कागद दिले. तुम्हाला काय हवं ते लिहा. सगळ्यांनी लिहिलं, वाचनालय. मग काय, तिने तसाच नकाशा काढला. दार पुढच्या रस्त्याला, मागचं दार बंद, आणि माझ्यावर खडूने लाल फुली. म्हणजे मला फोडायचं.

ती फुली मारून निघाली तसा मी कोपरा पुढे केला. चपलेचा पट्टा तुटला. समोरची शिंपीणकाकू म्हणाली, "आण इकडे, दोन टाके घालते. बस तिथेच."

बसली अनवाणी, माझ्यावर. काकू सुई घेऊन शेजारी टेकली. तिच्यामागून सलूनवाला आला, बस चालवून रिटायर झालेले आबा आले.

"काकू, वाचनालयात तुम्ही काय वाचणार?" पोरीने विचारलं.

"मी? मला आतून कडी लागेल असा संडास हवाय बाई. दिवसभर दुकानात बसते, घर तीन जिने वर."

"मग तसं लिहायचं ना."

"असलं कागदावर लिहितात होय? ह्या सलूनवाल्याचं बघून लिहिलं."

"मी आबांचं बघितलं," सलूनवाला म्हणाला.

आबा खाली बघत म्हणाले, "माझा चष्मा घरी राहिला होता. मी काकूंचं बघितलं."

ह्याच शाळेतून तिघंही असंच पास झालेत. मला ठाऊक होतं, पण मला कागद दिला कुणी?

नकाशावाली पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि आबा, तुम्हाला काय हवं?"

"बसायला जागा. घरी सुनेच्या पायात येतो मी. हे असं, आत्ता बसलोय तसं चालेल."

पोरीने आबांकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे. बाटलीतलं पाणी ओतून तिने रुमालाने फुली पुसली. नीट, घासून.

आता हेच मोठं दार झालंय. मला ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबवलंय, बाजूला चढायला उतार केलाय, वर दिवा आहे. संडासाची कडी काकूने तीनदा लावून बघितली. माझ्यावर रोज इतकी माणसं बसतात की मांजर रुसलंय.

फक्त कोपरा राहिलाय. गवंडी उद्या येणार आहे तो तासायला. म्हणजे आजचाच दिवस माझा.

चल, ऊठ आता. जा घरी. आणि उजवीकडून उतर बाळा, तिकडे उजेड बरा आहे.