शेंदराखालचा घणोबा

मित्रांनो, दगडालाही राग येतो, हे आधी ऐकून ठेवा. बारवी धरणाच्या वाटेवर जो शेंदरी दगड दिसतो ना, तो मी. पण त्याआधी मी खुज्या लोकांचा मूळपुरुष होतो. नाव घणोबा. उंची माणसाच्या कमरेएवढी, दाढी गुडघ्यापर्यंत. समोरच्या डोंगरात पहिली खोली मी खोदली, पहिली चूल मी मांडली. आणि माझ्या माणसांना एकच नियम घालून दिला : मी हाक मारल्याशिवाय कोणीही डोंगर सोडायचा नाही. म्हातारा झालो तेव्हा राखणीला बाहेर येऊन बसलो, आणि बसल्या बसल्या दगड झालो. आम्हा खुज्यांचं म्हातारपण असंच असतं.

पुढे पाड्यावरच्या लोकांनी मला देव ठरवलं. दरवर्षी बदलापूरच्या बाजारातून शेंदूर आणायचे, तेलात कालवून फासायचे. थरावर थर चढले. आधी दाढी बुजली, मग डोळे बुजले. मीही गप्प बसलो. देवपण कोणाला नको असतं? तुळशी नावाची म्हातारी नारळ वाढवून सगळी गाऱ्हाणी मलाच सांगायची. डोंगरातून धडाधड आवाज यायचे. वाटायचं, पोरं घण चालवताहेत. मी आपला खुशीत.

एकोणीसशे ब्याण्णवच्या मे महिन्यात, भरदुपारी, शेंदराचं अख्खं कवच तडकून खाली पडलं. तुळशी समोरच होती. तिच्या हातातली तेलाची वाटी सांडली.

"चंद्री, ह्यो तं कोन दाढीवाला बुटका हाय," ती सुनेला म्हणाली. "आपला देव गेला कुठं?"

तिला धक्का बसला तो बसलाच, पण माझं काय झालं ते विचारा. इतक्या वर्षांनी समोर पाहिलं, तर डोंगर जागेवर नाही. अर्धा कापून नेलेला. उरलेल्या अर्ध्याला सुरुंग लावत होते, खाली क्रशर धूळ ओकत होतं, आणि खडीचे ट्रक अंबरनाथ-उल्हासनगरकडे चालले होते. म्हणजे ते घण नव्हतेच. आणि माझी माणसं आत, माझ्या हाकेची वाट बघत. हाक मारायला गेलो, तर तोंड दगडाचं. असं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

चंद्री त्याच खदानीत खडी वाहायची. ती मला निरखत राहिली.

"आत्या, परवा सुरुंगानं भिंत पडली, तिच्या मागं खोल्या निघाल्या. इवली इवली दारं, ह्याच्याच मापाची. चुली थंड. मानूस नाय, हाड नाय. मागल्या अंगाला आतून खोदलेला बोगदा, थेट पल्याड."

"म्हंजे गेली निघून," तुळशी म्हणाली. "बरं केलं."

माझा नियम मोडला त्यांनी. आजवर कोणी मोडला नव्हता. खरं सांगतो, आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग कळलं, नियम पाळला असता तर त्या ट्रकांतून माझी पोरंच गेली असती. शहाणी निघाली माझी पोरं.

तुळशीने पुन्हा शेंदूर कालवला. "देव नसला तरी उघडा कसा ठेवायचा?" म्हणत अंगभर फासला. बोटं डोळ्यांपाशी आली, तेव्हा चंद्रीने तिचा हात धरला.

"डोळं ऱ्हाऊ द्या, आत्या. बघू दे त्याला."

मित्रांनो, घरातल्या, गावातल्या थोरांना हार घाला, शेंदूर फासा, माझी ना नाही. फक्त त्यांचे डोळे बुजवू नका. आणि त्यांना दिसेनासं झालं असेल, तर त्यांच्या हाकेसाठी थांबू नका. निघा.