एका माणसापुरता कायदा

आल्व्हा टिबेट्सच्या अंगावर खेचर पडलं ते १९३१च्या ऑगस्टमध्ये. आयडाहोच्या डोंगरात वणवा पेटला होता. तो विझवणाऱ्या माणसांसाठी आल्व्हा सात खेचरांवर पीठ, कॉफी आणि फावडी लादून वर निघाला होता. जंगलखात्यात अकरा वर्षं तो हेच काम करत होता. एका अरुंद वळणावर तिसऱ्या खेचराचा पाय घसरला आणि ते आल्व्हाला घेऊन कातळावर आदळलं. खेचर उठून उभं राहिलं. आल्व्हाला उठता येईना.

जंगलखात्याच्या बेल क्रीक ठाण्यावर लायल क्रेन्शॉ नावाचा तरुण कारकून होता. त्याने आल्व्हाच्या खाटेशी बसून अपघाताचा फॉर्म भरला, त्याची सही घेतली आणि म्हणाला, "उद्याच्या टपालाने जाईल. तू पडून राहा."

तीन आठवड्यांनी आल्व्हा पुन्हा कामावर गेला. खुबा दुखायचा, पण डोंगरात राबणाऱ्या माणसाचं काही ना काही दुखणारच, असं तो मानायचा. चार वर्षांनी मात्र पाय उचलेना. बॉयझीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचा सांधा पार झिजलाय, शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. नोकरी गेली. भरपाईसाठी अर्ज केला, तर वॉशिंग्टनहून भरपाई आयोगाचं अर्ध्या पानाचं पत्र आलं. अपघाताची खबर आमच्याकडे पोचलेली नाही. अर्ज वर्षाच्या आत हवा होता. मुदत उलटल्यावर विचार करण्याचा अधिकार कायद्याने आम्हाला दिलेला नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" आल्व्हाने विचारलं.

"तसं कुठे लिहिलंय? तुला उशीर झाला म्हणतायत," त्याची बायको कोरा म्हणाली.

आल्व्हाने पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. कोराने ते बाहेर काढलं. पुढच्या वसंतात त्यांच्या भागाचे खासदार गावात सभेला आले, तेव्हा ती भर सभेत उठून उभी राहिली आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आल्व्हाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सभा संपल्यावर खासदारांच्या सचिव मिस प्रूइट वही घेऊन त्यांच्याकडे आल्या.

"एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या एकट्यासाठी वेगळा कायदा करायचा. दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली, की तुमच्यापुरती मुदतीची अट उठते."

आल्व्हा हसला. "माझ्या एकट्यासाठी? बाई, मला गावात कुणी उठून खुर्ची देत नाही!"

पण विधेयकाची प्रत घरी आली आणि त्याचं हसू मावळलं. वर छापलं होतं : 'आल्व्हा टिबेट्स यांच्या मदतीसाठी.' त्या मंदीच्या दिवसांत मदत म्हणजे सरकारी दारात रांग लावून घ्यायचं पीठ. आल्व्हाने ते आजवर घेतलं नव्हतं.

"मी भिकारी नाही. परत पाठव."

"नाव काय ठेवायचं ते त्यांना ठेवू दे," कोरा म्हणाली. "तू आधी स्वतःचे बूट स्वतः चढवून दाखव, मग तोरा मिरव."

प्रत परत गेली नाही. रोज सकाळी बूट तीच त्याच्या पायात चढवायची.

विधेयक तपासणाऱ्या समितीला पुरावा हवा होता. फॉर्म भरला गेला, हे सांगणारा एकच माणूस होता. लायल क्रेन्शॉ आता जिल्ह्याच्या कचेरीत बढतीवर होता. आल्व्हा शेजाऱ्याच्या ट्रकमधून चाळीस मैल धक्के खात गेला.

लायलने त्याची काठी पाहिली आणि कचेरीचं दार लावून घेतलं. आल्व्हाचं सगळं बोलणं होईपर्यंत तो खाली मान घालून बसला होता.

"त्या आठवड्यात माझी मुलगी आजारी होती," तो शेवटी म्हणाला. "फॉर्म कपाटात राहिला. चौदा महिन्यांनी सापडला. मुदत गेली होती. मी घाबरलो आणि... चुलीत घातला."

वॉशिंग्टनचं पत्र आल्यापासून आल्व्हा स्वतःलाच दोष देत आला होता, की आपणच पाठपुरावा करायला हवा होता.

"मुलगी?" त्याने विचारलं.

"ती बरी झाली."

आल्व्हा उठला. "फॉर्म भरला होता, एवढं शपथेवर लिही. चुलीचं लिहू नकोस. तुझी नोकरी घालवून माझा पाय सरळ होणार नाही."

लायलने तेवढंच लिहिलं आणि ते पुरलं नाही. भरला होता तर गेला कुठे, असं समितीने विचारलं. तेवढ्यात अधिवेशन संपलं आणि विधेयक तिथेच मेलं. खासदारांनी पुढच्या वर्षी ते पुन्हा मांडलं. आल्व्हा काही लायलकडे पुन्हा गेला नाही. कोराने "जा ना," म्हणून महिनाभर डोकं खाल्लं, तरी नाही.

मार्चमध्ये मिस प्रूइटचं पत्र आलं. क्रेन्शॉने आपणहून दुसरं शपथपत्र पाठवलं होतं. त्यात कपाट, चौदा महिने, चूल, सगळं होतं.

जुलैमध्ये कायदा झाला. जेमतेम दहा ओळींचा. कोराने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो दोनदा वाचला.

"यात तर काहीच दिलेलं नाही," ती म्हणाली. "नुसतं म्हटलंय, उशीर झाला तरी याचं ऐकून घ्या."

"मग तेच तर मागितलं होतं," आल्व्हा म्हणाला.

आयोगाच्या डॉक्टरांनी त्याला स्पोकेनला बोलावून अर्धा दिवस तपासलं. दावा मान्य झाला; मागच्या वर्षांचं काही मिळालं नाही, पण शस्त्रक्रिया आणि यापुढे दरमहा भत्ता मिळाला. खुबा कायमचा ताठ राहिला. ठणका मात्र गेला आणि आल्व्हा रात्रभर झोपायला लागला.

लायलची बढती काढून घेतली आणि त्याला डोंगरापलीकडच्या गोदामावर पाठवलं. शरदात आल्व्हा तिथे गेला. लायल दोरांची वेटोळी मोजत होता.

"शिव्या द्यायला आलास?"

"नाही. तुला कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"कुणीच नाही." लायलने एक खोकं पुढे सरकवलं. "बस. तुला वाकता येतं का आता?"

"नाही," असं म्हणत आल्व्हा पाय लांब करून त्यावर टेकला. दोघं खेचरांबद्दल बोलत राहिले.